सहा किलोमीटर

पाच नंबरचा हमरस्ता उरुग्वेच्या मधून
थेट उत्तरेला जातो, कुरणांतून, फारसं न वळता.
त्याच्या कडेनं आम्ही पाच गावांत उभे होतो
जूनच्या कडाक्यात, मध्यरात्र उलटल्यावर,
दुर्बिणींच्या मोटारी गाडीच्या बॅटरीला जोडून.

ताकुआरेम्बोला बाल्तासार, वय एकोणीस.
पासो दे लोस तोरोसला ओल्मेदो भाऊ,
त्यांच्यात अबोला आहे, पण दुर्बीण सामाईक.
दुरास्नोला नेलिदा; तिला तीनला भट्टी पेटवायची असतेच,
म्हणाली, झोपून तरी काय करू.
सारान्दी ग्रान्देला एउदोरो, गुरांचा डॉक्टर.
आणि सगळ्यांच्या खाली, फ्लोरिडा गावाबाहेर
(अमेरिकेतलं नव्हे, आमचं)
मी. लोकरीच्या गोदामात वजनं लिहिणारी.

ज्याची वाट पाहत होतो त्याला नाव नाही.
एक वर्ष, दोन अक्षरं, तीन आकडे.
नेपच्यूनच्या पल्याड गोठून राहिलेलं काहीतरी.
ते आमच्या दुर्बिणींना कधीच दिसणार नाही.
दिसतो तो मागचा तारा, धनु राशीतला,
मिठाच्या कणाएवढा, तोही डोळा तिरका केला तर.
हे त्याच्या आड आलं की तो विझणार
आणि नऊएक सेकंदांनी परत लागणार.
ज्याच्या गावात तो जितका वेळ विझेल
तितकी लांब एक रेघ.
रेघा एकीखाली एक मांडल्या
की न दिसणाऱ्याला अंग येतं.

एक वाजता बाल्तासारचा निरोप: ढग.
पुढे एक शिवी, ती इथे लिहीत नाही.
मी केस वाळवायच्या यंत्रानं भिंगावरचं दव उडवलं.
तारेपलीकडे गाई उभ्या, त्यांच्या श्वासाच्या वाफा.
एक तेरो ओरडत गेला, टिटवीच्याच जातीतला,
त्याला रात्रीबेरात्री काय कळतं कोण जाणे.

एक सतरा.
मी पापणी लवू दिली नाही.
तारा होता.
एक अठरा. होता.
डोळ्यातून पाणी आलं, तरी पाण्यात होता.
एक वीसपर्यंत तो तसाच जळत राहिला,
ढिम्म,
जसं काही कुणी त्याच्यासमोरून गेलंच नाही.

मग फोन वाजू लागले.
नेलिदा: आठ पूर्णांक नऊ! मागे पीठ मळायचा आवाज.
ओल्मेदोंचा धाकटा: आम्हालाही, जवळपास तेवढंच.
(आम्हाला, म्हणाला. लक्षात ठेवलं मी.)
एउदोरो: सहा पूर्णांक आठ, आणि तुझं?
माझं काही नाही, म्हटलं.
काही नाही म्हणजे?
म्हणजे विझला नाही. इकडे विझलाच नाही.
पलीकडे जरा शांतता. तो भला माणूस आहे.

खरं तर ते ताऱ्यासमोरून गेलं
तेव्हा मी घरी सूप गरम करत होते.
साडेपाच तास लागले अंधाराला इथवर यायला
आणि आल्यावर तो माझ्या दाराशी थांबला नाही.
घरी जाताना थोडी रडले. थंडीमुळे, असं धरू.

सकाळी गोदामात एस्कोबार मेंढपाळाची गाडी आली.
रिकामं पोतं आधी काट्यावर ठेवलं, सवयीनं.
ते लिहिलं नाही तर लोकर किती, कसं कळणार?
हात तिथंच थांबला.

संध्याकाळी नेलिदानं पावाच्या कागदावर काढून पाठवलं:
तीन रेघा, त्यांच्याभोवती एक बटाटा म्हणावा असा गोल,
आणि खाली, गोलाला न शिवता,
माझी रेघ. अख्खी. कुठेही न तुटलेली.
तुझ्यामुळे याला बूड आलं, तिनं लिहिलं,
नाहीतर हे खाली कुठवर पसरलं असतं देव जाणे.

मी तक्त्यात माझ्या नावापुढे शून्य भरलं.
नीट, गोल, दोनदा गिरवून.

हिशेबानं त्या सावलीची कड
माझ्या उत्तरेला सहा किलोमीटरवरून गेली,
म्हणजे मावशीच्या शेताच्या फाटकावरून.
तिथं रात्री फक्त तिचा म्हातारा कुत्रा असतो.
रविवारी जाईन तेव्हा विचारते,
एक सतराला तो उठून बसला होता का.